अल्लीपूरची लाइन

जामच्या फाट्यावर वर्षाली बसची वाट पाहत होती. बाजूला उभ्या तरुणाने तिच्या हातातले लिनक्स या संगणकप्रणालीचे जाडजूड पुस्तक पाहिले.

"हे कोण शिकवते इकडं?"

"कोणी नाई. म्हणूनच विकत घेतलं."

तो हसला... नजर मात्र पुस्तकावरून तिच्याकडे वळली. सोमवारी, ती कामाला होती त्या हिंगणघाटच्या दवाखान्यात तोच तिच्यासमोरच्या टेबलाशी रुजू झाला. तो भूपेंद्र, कापड दुकानदाराचा मुलगा.

साल २००६. आंजी, जाम, अल्लीपूरच्या उपकेंद्रांतून रुग्णांच्या हृदयाचे आलेख इंटरनेटच्या लाइनवरून या दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे येत. लाइनींवर लक्ष ठेवायला दोन फुकटची, खुली सॉफ्टवेअर होती. व्यवस्थापक महादेवराव म्हणाले, "महिनाभर दोन्ही चालवा. कोणतं ठेवायचं ते लिहून द्या."

भूपेंद्रने नॅगिऑस घेतले. लाइन तुटली की ते मोबाइलवर निरोप धाडी. वर्षालीने कॅक्टी, ते दर पाच मिनिटांनी लाइनीचा आलेख काढी.

"तुमच्या चित्रापाशी माणूस बसवा लागते," तो म्हणायचा.

"अन् तुमचं लाइन मेल्यावरच रडते."

"रडते तरी..."

कूलरच्या वाळ्याचा ओला वास, दोन कप चहा, आणि मधेच थांबणारे बोलणे. दिवस भराभर गेले.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, अल्लीपूरच्या लाइनीचा आलेख तुटक दिसू लागला. वर्षालीने पाहिले, पण कोणाला सांगितले नाही. लाइन तुटलीच, तर आपले कॅक्टी ते आधीच ओळखते, हे अहवालात दाखवता येईल.

गुरुवारी दुपारी लाइन तुटली. नॅगिऑसचा निरोप दोन मिनिटांत आला, दुरुस्तीला तीन तास लागले. अल्लीपूरच्या उपकेंद्रात आलेल्या, छातीत दुखणाऱ्या रुख्माबाईंच्या हृदयाचा आलेख डॉक्टरांकडे जाईना. शेवटी त्यांना जीपने हिंगणघाटला आणले. त्या वाचल्या.

वर्षालीने अहवालात मंगळवारचेही सगळे लिहिले. भूपेंद्रने वाचले.

"हे काऊन लिहिलं? कोणालेच माहीत नाई."

"मले माहीत आहे."

त्याने अहवाल पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाला, "बुधवारी तुमच्या पडद्यावर मीही पाह्यलं होतं. म्हटलं... माहा निरोप वाजू दे आधी." त्याने पेन घेतले, तिच्या ओळींखाली आपलेही तेच लिहून सही केली.

अहवाल वाचून महादेवरावांनी चष्मा काढला. "दोन्ही ठेवा. रुख्माबाई घरी गेल्या की दोघंही अल्लीपूरला जाऊन त्यांची माफी मागा."

पुढच्या आठवड्यात दोघे गेले. रुख्माबाईंनी खाटेवरून दोघांकडे पाहिले. "एकमेकाले सांगाले काय झालतं तुमाले?"

दोघांनी हात जोडले. बाहेर कडुनिंबाखाली भूपेंद्र थांबला.

"वर्षाली, माहं वाईट तुम्ही पाह्यलं. तरी विचारतो... तुमच्या घरी येऊ?"

"तुमी दुकानदार, आमी कास्तकार. बाबा लवकर हो म्हणणार नाईत."

"थांबीन मी."

तिने पदराचा काठ बोटाभोवती गुंडाळला, सोडला. मग पहिल्यांदाच त्याला एकेरीत म्हणाली,

"रविवारी येजो. बाबा घरीच राहतात."