पौषातली चौकशी

उद्या बयाणा देणार ना तुम्ही? मग आज जरा बसा. सुमेधा, तूही बस गं, भांडी काही पळून जात नाहीत. वीरेंद्रनं मघाशी मोठ्या ऐटीत सांगितलं, "काका, रात्रीचं जाऊन सगळं बघून आलो. वॉचमनशी बोललो, पानवाल्याशी बोललो. एरिया एकदम शांत आहे." चांगलं केलंस हो. घर बघण्याआधी वस्ती बघायची, ही रीत आमच्या वेळीही होती. फक्त विचारताना तोंड सांभाळावं. आमच्या तळपद्यांनी नाही सांभाळलं.

कमलाकांत तळपदे. विमा कंपनीत माझे साहेब, राहायला इथंच गिरगावात, ठाकूरद्वारला, मागच्या वाडीत. आगीच्या विम्याचं काम. एखाद्या गोदामाचा विमा उतरवायचा की नाही, ते तळपदे ठरवायचे. आणि त्यांची पद्धत अशी, की गोदामाकडे बघायचेच नाहीत. आजूबाजूला बघायचे. शेजारी कापूस आहे का, पलीकडे भट्टी आहे का, रखवालदार किती जुना. ऑफिसात म्हणायचे, तळपद्यांनी हो म्हटलेली जागा कधी जळत नाही. माणूस सज्जन, पण ह्या गोष्टीचा त्यांना भारी तोरा होता.

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवर सांगितलं आणि आठवडाभर गिरगाव, लालबाग, परळ नुसतं पेटलं. कर्फ्यू, गोळीबार, सगळं झालं. सुमतीवहिनींना, म्हणजे तळपद्यांच्या बायकोला, सातवा महिना होता. ह्याआधी दोन पोरं पोटातच गेलेली. बाहेर आवाज झाला की ती बाई पोट धरून पलंगाखाली जाऊन बसायची. तिनं निक्षून सांगितलं, "मला इथं बाळंत व्हायचं नाही. जिथं काही म्हणजे काही झालेलं नाही, अशा जागी मला घेऊन चला."

म्हणून तळपदे घर शोधायला लागले. एका दलालानं दादरचा ब्लॉक सुचवला. पोर्तुगीज चर्चच्या पलीकडे, समुद्राच्या अंगाला. तेव्हा गिरगावकरांना ते म्हणजे उपनगरच वाटायचं. दुमजली इमारत, पुढे अंगण, मागे माड. दलाल म्हणाला, "साहेब, इथं पानसुद्धा हललेलं नाही." पौष चालू होता म्हणून बयाणा थांबला होता, नाहीतर तो माणूस त्याच दिवशी घेऊन गेला असता.

तळपद्यांनी सकाळी एकदा वस्ती बघितली, दुपारी एकदा बघितली. राहिली रात्र. सत्तावीस जानेवारी, शुक्रवार, पौष पौर्णिमा. ऑफिस सुटल्यावर ट्रामनं दादरला उतरले आणि रात्री आठच्या सुमाराला त्या गल्लीत शिरले. हे सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं, रिटायर झाले त्या संध्याकाळी. एका शब्दाचीही मी भर घालत नाहीये.

चांदणं स्वच्छ पडलेलं. कर्फ्यू उठून थोडेच दिवस झालेले, त्यामुळे माणसं अजून दारं लावूनच बसायची. इमारतीच्या पायरीवर मात्र एक तरुण बसला होता. पंचविशीचा. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एक हात छातीशी घट्ट धरलेला. तळपद्यांना वाटलं, थंडी वाजत असेल.

"इथंच राहता?" तळपद्यांनी विचारलं.

"हो. जन्मापासून."

"भाडेकरू फार बदलतात का?"

"छे. एकदा आला की माणूस सहसा जात नाही."

"शेजार कसा आहे?"

"चांगला आहे. वरच्या मजल्यावर एक मुलगी पेटी शिकते, तेवढा त्रास. कोणाकडे पाहुणे आले तर कप-बशा सगळ्या बिऱ्हाडांतून गोळा होतात."

"पाणी?"

"पहाटे येतं. नळ गल्लीच्या तोंडाशी." तो जरा थांबला. "तेवढं मात्र सांभाळून जावं."

तळपदे खूश झाले. इतकी सरळ उत्तरं त्यांना गोदामवाल्यांकडून कधी मिळाली नव्हती. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं.

"आणि परवाच्या दंगलीत? इथं काही गडबड?"

 तो म्हणाला, "एक माणूस गेला."

तळपद्यांचा चेहराच उतरला. दलाल खोटं बोलला होता. वहिनींना आता काय सांगायचं? त्यांना राग आला, आणि रागात माणूस बोलतो तसं ते बोलले.

"बाहेरचा असेल. मोर्च्यातला?"

"इथलाच."

"मग काहीतरी केलं असणार त्यानं. अहो, आपण सभ्य माणसं घरात बसलो होतो, आपल्याला लागली का गोळी? काही केल्याशिवाय उगाच लागत नाही कोणाला. एका परीनं झालं ते बरंच झालं. असला एक गेला की वस्ती शांत होते."

...

   त्यांचं ते वाक्य माझ्या तोंडून सांगतानासुद्धा मला लाज वाटते रे.

तो तरुण रागावला नाही.  मग मान वळवून त्यानं तळमजल्यावरचं कोपऱ्यातलं दार दाखवलं.

"तिथं विचारा. ती माझ्याहून जास्त वर्षं राहतेय इथं."

दार उघडंच होतं. आत दिवा लावलेला नव्हता. म्हणजे विजेचा नव्हता. कोपऱ्यात जमिनीवर एक पणती. वात दक्षिणेकडे. शेजारी भिंतीला टेकून एक म्हातारी.

तळपदे उंबऱ्यावरच थबकले. सुतकाचं घर. चपला काढाव्यात की नाही, तेही त्यांना सुचेना.

"रघूच्या हाफिसातले काय?" म्हातारी म्हणाली. यशोदाबाई तिचं नाव. कोकणातली, इथं नवऱ्यामागं एकटीनं पोराला वाढवलेली. "या. आजच दहावा झाला."

"मी... नाही. मी घर बघायला..."

"मीच धाडला हो त्याला," ती म्हणाली. तिनं त्यांचं ऐकलंच नव्हतं. जो दारात येईल त्याला ती हेच सांगत असणार. "पाणी आलं होतं. मी म्हटलं, रघू, एक हंडा तरी आण बाबा. तो म्हणाला, आई, अजून कर्फ्यू आहे. मी म्हटलं, नळाशी कोण कशाला काय करतंय? मीच धाडला..."

 चौकट धरून तळपद्यांनी अंगणाकडे पाहिलं.

पायरी रिकामी होती.

"तुम्हाला हे दार कोणी दाखवलं?" म्हातारीनं विचारलं.

"पायरीवर... एक जण बसला होता."

"पायरीवर आता कोण बसत नाही. ती जागा रघूची." ती उठली. पणती हातात घेऊन अगदी जवळ आली. "कसा होता?"

"पांढरा शर्ट. हात... हात छातीशी."

म्हातारी रडली नाही. ओरडली नाही. तळपद्यांची बाही तिनं मुठीत धरली.

"बोलला तुमच्याशी? काय बोलला? माझ्याशी नाही हो बोलला काही... नळावरनं आणला तेव्हा बोलत नव्हता. सांगा ना. तुम्ही काय म्हणालात, तो काय म्हणाला?"

मुलांनो, जगात ह्या बाईला दुसरं काही नको होतं. आणि तळपद्यांकडे ते होतं. पण ते सांगायचं तर आधी स्वतःचं वाक्य सांगायला हवं होतं.

"काही नाही," तळपदे म्हणाले. "वस्ती चांगली आहे म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं बाही सोडली.

ते तिथून निघाले. येतो म्हणाले नाहीत, सुतकाच्या घरी म्हणत नाहीतच. ट्राममध्ये कोणाकडे मान वर करून बघितलं नाही. भीती कधीच मागे पडली होती. उरली होती ती लाज. वहिनी विचारणार, वस्ती कशी आहे? कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि उद्या घर घेतलं, तर रोज त्या दारावरून कसं जायचं?

घरी आले, तर वहिनी जाग्याच होत्या. कित्येक दिवसांत पहिल्यांदा प्रसन्न दिसत होत्या. "घर ठरलं वाटतं?" त्या म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"अहो, तिकडचे शेजारी येऊन गेले ना. तुम्ही यायच्या तासभर आधी, साडेआठ वाजले असतील. म्हणाले, तुमचे यजमान आमची वस्ती बघायला आलेत, तर आपणही बघून घ्यावं म्हटलं, शेजारी कसे येतायत ते."

साडेआठला तळपदे दादरला होते. त्या दारात.

"कोण... कसे होते?"

"तरुणच. सभ्य वाटले. खालच्या बिऱ्हाडातल्या गंगुबाईंनाही विचारून आले होते, तळपदे माणूस कसा आहे म्हणून. सारखा हात छातीशी. मी विचारलं, बरं नाही का? तर नुसते हसले."

"तुला काय विचारलं?"

"हेच हो. यजमान कोणाला उगाच लागेल असं बोलतात का? मी म्हटलं, छे. मुंगीलासुद्धा दुखवणार नाहीत..."

तळपदे खाली बसले.

"मग?"

"मग काही नाही. पाणी मागितलं. मी दिलं, प्यायले आणि गेले. ते बघा, भांडं अजून तिथंच आहे."

दाराशी स्टुलावर पितळी फुलपात्र होतं. वहिनींच्या माहेरचं, जाड, घासून लखलखीत. त्याच्या खाली पाणीच पाणी. स्टुलावरून जमिनीवर... टप... टप...

वहिनींनी ते उचलून दिव्याशी धरलं.

"अगंबाई... हे काय झालं?"

एका अंगानं आत, दुसऱ्या अंगानं बाहेर. बोटाएवढं गोल भोक. कडा बाहेरच्या बाजूला फाटलेल्या.

"सकाळी मीच घासलं होतं हो," वहिनी म्हणाल्या. "चांगलं होतं. ह्या भांड्यानं कोणाचं काय केलं होतं?"

तळपद्यांनी भांडं त्यांच्या हातातून काढून घेतलं.

ते घर त्यांनी घेतलं नाही. वस्ती चांगली नाही, असं सगळ्यांना सांगितलं, वहिनींनासुद्धा. ठाकूरद्वारलाच मुलगी झाली, सुखरूप. फुलपात्र मात्र त्यांनी रिटायर होईपर्यंत ऑफिसच्या टेबलावर ठेवलं होतं. ऑफिसच्या कँटीनची भांडी करायला येणारा कल्हईवाला दरवर्षी म्हणायचा, साहेब, डाग देऊन बुजवून देतो. ते नको म्हणायचे. मी बोट घालून बघितलंय त्यात, आरपार जातं.