धुऱ्यापलीकडच्या चार पेट्या

शेषराव मास्तरांचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे हा माणूस सगळ्यांकडे बघून सारखाच हसायचा. दूधवाल्याकडे बघून तसा, एसटीच्या कंडक्टरकडे बघून तसा, दारातल्या वासराकडे बघून तसा — आणि माणिकबाईकडे बघूनही तसाच! माणिकबाईला हे मुळीच खपत नव्हतं. हसू म्हणजे काय लग्नातल्या अक्षता आहेत, मूठभर घेतल्या आणि दिसेल त्याच्या डोक्यावर टाकल्या? हसताना समोर कोण आहे हे माणसानं बघावं. समोर वलगावच्या सहा एकरांची मालकीण उभी आहे. नवरा गेल्यावर पंचवीस वर्षं एकटीनं शेवंती, झेंडू आणि कोहळी पिकवून अमरावतीच्या बाजारात ताठ मानेनं विकणारी बाई आहे. याचा थोडातरी फरक त्या हसण्यात पडावा की नाही?

पण नाही. दूधवाला आणि माणिकबाई एकाच रांगेत!

मास्तर शाळेत खेळ शिकवायचे. रिटायर होऊन तीन वर्षं झाली, तरी रोज संध्याकाळी मैदानावर मुलींचा खो-खो घ्यायचेच. रिटायर माणसानं देवळाच्या ओट्यावर बसावं, गुडघे दुखतात म्हणावं, सुनेच्या कागाळ्या कराव्या. यांना सून नव्हती, बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, एकुलती मुलगी नागपूरला नांदत होती, आणि गुडघे तर दुखतच नव्हते. मग नाद किती? गावभरची बंद घड्याळं आणून दुरुस्त करायची. पाखरांचे फोटो काढायचे. बँजो वाजवायचा, तोही असा की ऐकणाऱ्यानं आपणहून उठून जावं. आणि यंदाच्या पावसाळ्यात माणिकबाईच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या आपल्या तुकड्यात त्यांनी आणखी एक नाद आणून ठेवला. मधमाश्यांच्या चार पेट्या.

त्या पेट्यांनीच सगळा घोळ केला.

श्रावणातली सकाळ होती. भुरभुर चालू होती, मधूनच ऊन पडत होतं. माणिकबाई झेंडू तोडत होती आणि मनगटावर एकदम ठिणगी पडल्यासारखं झालं. तिनं टोपलं टाकलं, पदर खोचला आणि तरातरा धुरा ओलांडला.

"ओ मास्तर! हे काय लावलं हाये तुमी? माह्या फुलावर तुमच्या माश्या काहून येतात?"

मास्तर पेटीचं झाकण पुसत होते. त्यांनी मान वर केली... आणि हसले. तेच ते!

"हात दाखवा."

"काहून दाखवू? मी काय भविष्य पाहाले आली?"

"काटा आत हाये, बाई. चिमटीनं उपटाल त विष आत जाते. खरवडा लागते." आणि तिनं हो-नाही म्हणायच्या आत मास्तरांनी तिचं मनगट धरलं, नखाच्या कडेनं अलगद काटा काढला, वर फुंकरही घातली.

पंचवीस वर्षांत माणिकबाईचा हात कोणी धरला नव्हता. धरायची कोणाची टाप नव्हती. तिनं झटक्यात हात ओढून घेतला... पण तेवढा झटकाही नाही, खरं सांगायचं तर.

"सगळ्याच बायांचे हात असेच धरता काय तुमी?"

"ज्याईले माशी चावते, त्याईचेच."

"मोठे आले! अन् मध कोणाचा? फुलं माही, त मधात माहा वाटा नाई?"

"हाये ना. आणून देतो."

"आठवणीनं?"

"शनिवारच्या शनिवारी," मास्तर म्हणाले.

मग शनिवारच्या शनिवारी मास्तर छोटी बाटली घेऊन धुरा ओलांडू लागले. बाटली कधी भरलेली, कधी अर्धी, कधी तर नुसतीच — "आज मध नाई, पण सांगाले आलो." माणिकबाई चहा टाकायची आणि भांडायची. चहा गोड असायचा, भांडण त्याहून. ते तिला पाखराचा फोटो दाखवायचे, ती म्हणायची, "हे कोतवाल हाये, आमच्या तारेवर रोज बसते, याचा काय फोटो काढाचा?" त्यांनी बँजो आणला की ती कानावर पदर ओढायची. कोहळ्याच्या वेलाला यंदा दुप्पट फळ धरलं. ते कोणामुळे हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडावर सांगेल ती माणिकबाई कसली!

सून रूपाली मात्र डोळ्याची तिखट. "आई, आज शनिवार हाये वाटते. हिरवं पातळ निघालं!"

"तुह्या तोंडाले लगाम नाई काय वं?" माणिकबाई ओरडली. ओरडता ओरडता तिनं हिरव्या पातळाच्या निऱ्या पुन्हा एकदा सारख्या केल्या.

असे अडीच महिने गेले. आणि दिवाळीच्या पंधरा दिवस आधी धुऱ्यापलीकडे एक पांढरी गाडी येऊन थांबली.

गाडीतून बाई उतरली. डोळ्यांवर काळा चष्मा, इस्त्रीची साडी, केसांना मेंदी. मास्तरांबरोबर कॉलेजात खो-खो खेळलेली आशा मॅडम, अकोल्याच्या शाळेतून रिटायर झालेली, हे सगळं माणिकबाईला नंतर कळलं. आधी कानावर पडलं ते एवढंच —

"अरे शेषराव! तू तर अजून तसाच दिसतोस रे!"

अरे! रे! तू! गावातली म्हातारी माणसंसुद्धा मास्तरांना 'अहो' म्हणतात, आणि ही बया गाडीतून उतरत नाही तोच 'रे'? माणिकबाई शेवंतीचं टोपलं घेऊन धुऱ्यापर्यंत गेली. काम काही नव्हतं. सहज गेली.

आशा मॅडमनं चष्मा वर केला. "वा, काय छान शेवंती! कशी दिली फुलं, मावशी?"

मावशी!

माणिकबाईच्या अंगाची लाही लाही झाली. मेंदी धुतली तर ही माझ्याहून चार वर्षांनी मोठी निघेल, आणि मी हिची मावशी?

"इकाची नाईत," ती म्हणाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं दारचं गिऱ्हाईक परत लावलं.

आशा मॅडम बाजेवर बसली. मास्तरांनी बँजो काढला. त्या बेसूर वाजवण्यावर तिनं टाळ्या वाजवल्या — टाळ्या! मास्तर हसले. माणिकबाईनं शेवंतीच्या ताटव्याआडून ते हसू नीट निरखलं. रोजच्यासारखंच आहे की आज जरा रुंद आहे? रुंदच होतं. चांगलं बोटभर रुंद होतं!

त्या शनिवारी मास्तर आले नाहीत. अकोल्याला गेले होते. पुढच्या शनिवारी बाटली आली, पण मास्तर उभ्या उभ्या देऊन गेले. माणिकबाईनंही चहा विचारला नाही. गॅसवर तो उकळून उकळून काळा झाला.

मग रविवारी रूपालीनं बातमी आणली. "आई, आयकलं काय? मास्तर चालले अकोल्याले. त्या मॅडमनं तिथं पोरीईसाठी खो-खोचं केंद्र काढलं म्हणते. राहाले खोली देऊन राहिली. उद्या टेम्पो येते. माश्यांच्या पेट्याही घेऊन चालले."

"जाऊ दे. माहा कोण लागते तो?" माणिकबाई म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. पहिली भाकरी इतक्या जोरात थापली की परातीतच फाटली. दुसरी करपली. तिसरीवर डोळ्यातून काहीतरी टपकलं. चुलीचा धूर असेल. पण चूल नव्हतीच, गॅस होता...

कोण लागतो? हाच तर खरा घोर होता. बायको असती तर वाटेत आडवी पडली असती. बहीण असती तर हक्कानं रागावली असती. धुऱ्यापलीकडच्या बाईनं कोणत्या तोंडानं म्हणायचं — जाऊ नका?

तोंडानं नाही जमलं, म्हणून माणिकबाईनं हातानं केलं.

दिवस कलला. मास्तर मैदानावर होते, शेवटचा दिवस म्हणून मुलींना पेढे वाटत होते. माश्या परतून पेट्यांत शिरल्या होत्या. पेटी हलवताना दारात कापडाचा बोळा घालायचा, हे तिनं मास्तरांना बघून बघून शिकून घेतलं होतं. गडी नत्थुजीला तिनं हाक मारली.

"पेट्या उचल. आपल्या कोहळ्याच्या मांडवामागं नेऊन ठेव."

"मास्तराईनं सांगतलं काय?"

"म्या सांगतलं! उचल."

दोनशे पावलं. चारही पेट्या हलल्या. पेट्याच नसतील तर टेम्पोत काय भरतील? शोधतील चार दिवस. चार दिवस तर थांबतील! पहाटे तिनं स्वतः जाऊन बोळे काढले, मुक्या जीवांचा श्वास कोंडू नये म्हणून. एवढं शहाणपण केलं आणि खुशीत घरी आली.

आणि चूक झाली ती इथंच.

उन्हं वर आली तशी तिच्या कानावर एक वेगळाच आवाज आला. रोजची गुणगुण नव्हे ती, रडल्यासारखं काहीतरी. ती धुऱ्यावर गेली. पलीकडे पेट्यांच्या चार रिकाम्या लोखंडी घोड्या उभ्या होत्या आणि त्यांच्यावर माश्यांचे काळे पुंजके लटकले होते. काही हवेत गोल गोल फिरत होत्या. काही दवात भिजून खाली पडत होत्या. मास्तर तिथंच मातीत बसले होते.

माणिकबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत नव्हते. दूधवाल्यासाठी, वासरासाठी, सगळ्या जगासाठी असलेलं ते हसू कुठं गेलं होतं कोण जाणे.

"पेट्या चोरीले गेल्या, माणिकबाई," ते म्हणाले. "गेल्या त गेल्या. पण ह्या मागं राहिल्या. घर शोधून राहिल्या."

"पेट्या... अथीच कोठी जवळ असल्या, तरी नाई सापडत त्याईले?"

"नाई ना. पेटी हलवाची त हातभर हलवा, नाई त तीन कोस लांब न्या. या दोन्हीच्या मधात कोठी नेली त माशी वावरात फिरून जुन्याच जागी येते. अन् जागेवर घर नसलं की तेथीच मरते."

आयुष्यात माणिकबाईनं कधी कोणापुढे चूक कबूल केली नव्हती, चूक झाली तेव्हाही नाही. तिच्या पायाशी एक माशी पडली. इवलेसे पाय हलवले आणि निपचित झाली.

"म्या नेल्या," ती म्हणाली.

आणि लगेच त्यांच्यावरच खेकसली.

"बसू नका! उठा, काय कराचं ते सांगा!"

मग धावपळ झाली. नत्थुजी आणि माणिकबाईचा मुलगा सागर, दोघांनी पेट्या उचलून आणल्या. मास्तरांनी एकेक पेटी जिथल्या तिथं ठेवली, तोंड जिकडं होतं तिकडं. माणिकबाई खाली बसून दवातल्या माश्या बोटावर घेत होती, फुंकर घालत होती, दारापाशी सोडत होती. हळूहळू पुंजके सुटले. एकामागून एक माश्या आत शिरू लागल्या. दहा वाजेस्तोवर आवाज पुन्हा रोजच्यासारखा झाला. ओंजळभर मेल्या, बाकीच्या घरी गेल्या.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. "मास्तर, अकोल्याचा माल कोणता भराचा?"

मास्तर जागचे हलले नाहीत. "काहून नेल्या होत्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमाले कळत नाई?"

"कळते."

"मंग?"

"तुमी म्हटलं पाह्यजे, बाई. मी आपल्या मनानं धरून चाललो अन् चुकलो, त गावात नाव तुमचं खराब होईन. माहं काय, मी बेसूर माणूस... तेथी खेळणाऱ्या पोट्ट्या हायेत, मले बोलावणारं माणूस हाये. अथी मले थांबा म्हणणारं कोण हाये?"

"त्या बाईनं बोलावलं अन् तुमी निघाले!"

"तिनं बोलावलं तरी," मास्तर म्हणाले.

पुन्हा हॉर्न वाजला. फुलं तोडणाऱ्या तिघी हात थांबवून बघत होत्या. रूपालीनं तोंडाला पदर लावला होता. सागर आईजवळ सरकला, खालच्या आवाजात म्हणाला, "आई, घरी चाल. लोकं पाहून राहिले."

"पाहू दे. लोकाईले मी पाहून घेईन. तू गप राह्य."

आणि कंबरेवर हात ठेवून, टेम्पोवाल्यालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात, माणिकबाई मास्तरांना म्हणाली —

"आयका, मास्तर! पोरगी पाहाले येतात नं, तसं तीन महिने म्या तुमाले पाहून राहिली. माणसात दोन-चार खोडी असतात, तुमच्यात चाळीस हायेत. घरभर घड्याळं टांगता अन् वेळेवर जेवत नाई. कोणीही 'रे' म्हणलं की बिछाना गुंडाळता. बाईच्या मनातलं कळते, अन् तरी मुक्यासारखे बसता, ही त सगळ्यात खराब खोड. अकोल्याच्या पोट्ट्याईले शिकवाचं असन त खुशाल शिकवा, पण सकाळच्या एसटीनं जाचं अन् दिवेलागणीले माह्या दारात पाह्यजे. कळलं? आता त्या टेम्पोले रिकामाच वापस लावा, अन् नागपूरले पोरीले फोन करा. तिले म्हणा — स्थळ पसंत हाये, नवरीकडून होकार आला!"