पुढचा आवाज

भवानी पेठेतल्या दुकानातून गुलनाजने पाच ट्रान्झिस्टर आणले, तेव्हा उन्हं कलली होती. शेजारचे यंत्रमाग खडखडत होते. अब्बा गेल्याचा उद्या चाळिसावा दिवस. त्याआधी अम्मीला त्यांचा आवाज ऐकवायचा होता. फोनमध्ये त्यांचा एकही शब्द नव्हता. आवाज उरला होता एकाच कॅसेटवर, आणि ती वाजायची अब्बांनी घरी बांधलेल्या अॅम्प्लिफायरवर.

सकाळी लावून पाहिली, तर आवाज घोगरा, फाटका आला. अम्मीने मान हलवली. "हा त्यांचा न्हाय गं. मला तर त्यांचा आवाजच आठवंना झालाय."

दोष गुलनाजला कळला होता. दोन ट्रान्झिस्टर आवाजाची लाट निम्मी-निम्मी उचलतात. एक वरची बाजू, एक खालची. एक दमदार आणि एक लेचापेचा निघाला, की आवाज लंगडतो. म्हणून अब्बा मीटरवर ताकदीचे आकडे बघून सारख्यांची जोड लावायचे.

"माणसांच्या जोड्या अल्ला जमवतो," ते हसायचे, "ह्यांच्या मलाच जमवाव्या लागतात. अन् मोजताना बोटात धरायचा न्हाय बघ. अंगाची ऊब लागली की आकडा चढतो, खोटं बोलतो."

तिने चिमट्याने एकेक मीटरला लावला. एकशे बारा. मग सत्त्याऐंशी, नव्वद, एकाहत्तर... मेळ बसेना. शेवटचा अठ्ठ्याण्णव. हात मांडीवर टाकून ती त्या आकड्याकडे बघत राहिली.

आकडा चढू लागला. नव्व्याण्णव. एकशे तीन. सावकाश, कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा. एकशे बारावर तो थांबला... आणि हलला नाही.

खोलीत शिळ्या घामाचा वास दाटला. तिच्या मानेवर काटा आला. पण मन म्हणालं, अब्बाच असतील, दुसरं कोण? तिने एकशे बाराची तीच जोडी कथलाचा डाग देऊन बसवली आणि कॅसेट लावली.

"एक... दोन..." आवाज स्वच्छ आला. भरदार, जवळचा.

"ऐकलंस अम्मी? अब्बा."

अम्मी स्पीकरपाशी वाकली. "थांब की. ह्याच्या मागं कुणीतरी बोलतंय."

खरंच. भिंतीपलीकडून यावा तसा बारीक, दमलेला आवाज. "रशीदा... बंद कर... रशीदा..."

स्वतःचं नाव ऐकून अम्मीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "हा त्यांचा," ती पुटपुटली. "हाच..."

"मग हा पुढचा आवाज कुणाचा?" गुलनाजला विचारायचं होतं. पण तिचा हात प्लगकडे गेला.

कारण पुढचा आवाज मोजता मोजता थबकला होता. कान देऊन ऐकत असल्यासारखा.

तिने प्लग उपटला. अॅम्प्लिफायरचा दिवा विझला. कॅसेट थांबली. मागचा आवाज पुसला गेला.

"अगं, लाव परत," अम्मी कळवळली. "एकदाच लाव."

गुलनाजच्या हातात प्लग तसाच होता. ती स्पीकरकडे बघत होती. त्याचा काळा कागदी पडदा हळूहळू आत ओढला गेला आणि तसाच राहिला... बोलायच्या आधी छातीत श्वास भरून घ्यावा, तसा.