टाकीला केलेला आग्रह

टाकीला जास्त खायला घातलं, तर गॅस कमी का यावा? उर्वीला हे कोडं सुटत नव्हतं आणि कुणाला विचारायचं धाडसही होत नव्हतं.

उंबरघाट गावात सांडपाण्याचा गाळ एका मोठ्या बंद टाकीत जाई. त्यातून निघणाऱ्या गॅसवर गावाच्या शेगड्या पेटत आणि दवाखान्यातली उबदार खोली चाले. दरड कोसळून घाट बंद झाल्यापासून गावात दुसरं इंधनच नव्हतं. त्या खोलीत उर्वीचा भाऊ होता, दिवस भरायच्या आत जन्मलेला. आणि टाकीची ज्योत रोज बुटकी होत चालली होती.

"टाकी आंबलीय," ढवळ्या म्हणाला. टाकी ढवळणारा हा यंत्रमानव कधी आवाज चढवत नसे. "पोटात काहीतरी गोड गेलंय."

उर्वीला रडू कोसळलं. "आत्या, मीच ओतलं. लग्नातल्या उरलेल्या जिलब्या, पाक, सगळं. बाळाला जास्त ऊब मिळावी म्हणून."

विभाआत्या टाकी सांभाळणारी शास्त्रज्ञ. ती रागावली नाही, नुसती मटकन खाली बसली. ते उर्वीला जास्त लागलं.

"अगं, आत दोन तऱ्हेचे जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे जीव) असतात," आत्या म्हणाली. "पहिले हावरट. ते अन्नाचं आम्ल (आंबट द्रव्य) करतात. दुसरे सावकाश जेवणारे. ते त्यातून मिथेन (जळणारा वायू) बनवतात. गाळात थोडं गोड मिसळलं तर गॅस वाढतो, हे तुझं बरोबरच होतं. पण तू एकदम ओतलंस. पहिल्यांनी भराभर आम्ल केलं आणि दुसरे त्यातच गुदमरले."

"पाहुण्याला आपण आग्रह करतोच की."

"पाहुणा पानावर आडवा हात धरतो, बाळा. टाकीला हात नसतो."

आत्याने टाकीचं खाणं बंद केलं. आंबटपणा मारायला खाण्याचा सोडा घातला. उरलेला गॅस फक्त दवाखान्याला गेला आणि गाव भिजवलेल्या पोह्यांवर राहिलं. उर्वीला कुणी एका शब्दाने बोललं नाही, तरी ती कुणाच्या नजरेला नजर देईना. रोज उबदार खोलीच्या काचेला नाक लावून ती बाळाची छाती हलते का, एवढंच बघे.

टाकी सावकाश सावरली. बाळही.

बारशाला उरलेला शिरा घेऊन उर्वी टाकीपाशी आली. तिने एक पळी आत सोडली. ढवळ्याने आंबटपणा मोजला.

"आणखी एक चालेल."

तिने दुसरी पळी सोडली.

"आता तिला पचवू दे. उद्या पुन्हा घाल."

पातेल्यात शिरा अजून बराच होता. उर्वीने टाकीच्या वतीने त्यावर आपला हात आडवा धरला.