हरलेल्याची बोली

"ती झांज खाली ठेव, सरला!"

भास्करराव इतक्या शांत सुरात बोलले की देवघराशी उभ्या असलेल्या सरलाबाईंना आधी वाटले, झांजेची दोरी उसवली असेल, ती पाहायला म्हणताहेत... कार्तिकी एकादशी होती. देवासच्या मंदिरात चाराला कीर्तन उभे राहायचे होते आणि गेली सत्तावीस वर्षे अशा दिवशी, ह्या वेळी, सासूबाईंनी दिलेली ती पितळी झांज त्यांच्या हाती नाही असे कधी घडले नव्हते. पुढे चिपळ्या घेतलेले भास्करराव आणि मागे धृपद झेलणाऱ्या सरलाबाई... गावाने त्यांना वेगळे असे पाहिलेच नव्हते.

"जुगार खेळलेली बाई माझ्या पाठीशी उभी राहून देवाचे नाव घेणार नाही. आजपासून नाही."

सून मेधा हातात बुक्क्याचे तबक घेऊन उभी होती. तिचे ओठ उघडले... पण सरलाबाईंनी तिच्याकडे असे काही पाहिले की ते ओठ तसेच मिटले.

सरलाबाईंनी झांज देवापुढे ठेवली आणि ताठ उभ्या राहिल्या.

"ठेवली! पण अहो, एक ऐकून घ्या. मी ठेवली आहे, सोडलेली नाही!"

त्या घराचा एक नेम होता. कीर्तनाची बिदागी चुलीत घालायची नाही. पेन्शनीत घर चालायचे आणि खातेगांवपासून डहीपर्यंत बसमध्ये उभे राहून केलेल्या कीर्तनांची बिदागी सरलाबाईंच्या नावच्या खात्यात पडायची. ती होती भास्कररावांच्या वडिलांच्या जन्मशताब्दीसाठी. धारला, ज्या देवीपुढे वडील आयुष्यभर उभे राहिले, तिथे सात दिवसांचा कीर्तनसप्ताह करायचा होता. नऊ वर्षांची ती पुंजी! आणि दिवाळीच्या तोंडावर पासबुक भरून आणले तर खाते रिकामे...

खाते रिकामे दिसले त्याच सकाळी स्वयंपाकघरात मेधाने सासूचे पाय धरले होते. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. नवरा मनन पीथमपुरच्या कारखान्यात, घरी येणार फक्त रविवारी. नवरात्रात घट बसले की घर बंद ठेवायचे नाही, नंदादीपाशी कुणीतरी बसायचेच आणि तो मान नव्या सुनेचा. सगळे चाराच्या कीर्तनाला जात, ती एकटी दिव्यात तेल घालीत बसे. सासूचा फोनही तिथेच, कोनाड्यात असे, कारण कीर्तनाला मोबाइल न्यायचा नाही हा भास्कररावांचा कडक दंडक. त्या फोनवर एक जाहिरात चमकली... 'नवी स्कूटर, अकराशे रुपयांत! लिलाव रोज चार ते सहा!'

"बाबांचे गुडघे दुखतात ना आई... मला वाटलं, स्कूटर आणून दारात उभी करावी, सरप्राइज!" मेधा हुंदक्यांत सांगत होती, "एकदा बटन दाबलं की बारा रुपये कटत होते, भाव दहा पैसे वाढायचा आणि घड्याळ परत पंधरा सेकंदांवर. वाटायचं, आता सुटली, आता सुटली... पाच दिवस, आई! रोज नवीन लिलाव, रोज मी हरले. पण माझ्या माहेरी, धारला, देवीच्या साड्यांचा लिलाव होतो ना, त्यात हरलेल्याचे पैसे कुठे जातात? ज्याच्यावर बोली सुटली तोच देतो. मी समजले, हे बारा-बारा रुपये वापस येतील..."

हरलेल्याची बोली देव घेत नाही! ज्या घरात लिलाव म्हणजे देवीची साडी एवढेच ठाऊक, त्या घरची ती मुलगी. हसावे की रडावे!

सरलाबाई हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांना आठवली एक चांदीची वाटी. त्या नव्या नवरी असताना घरातून वाटी नाहीशी झाली आणि तीन महिने त्यांच्या हातचे पाणी कुणी प्यायले नाही. वाटी सापडली पिठाच्या डब्यात. पण "चुकलो" म्हणायला त्या घरात कुणाची जीभ वळली नव्हती... नवी सून म्हणजे परकी, परक्यावर आळ घालणे सोपे! छे, ह्या लेकराच्या वाट्याला ते नाही!

आणि भास्कररावांपुढे जाऊन त्या एवढेच म्हणाल्या होत्या, "खाते माझे, फोन माझा. दोष माझा." त्यात एक अक्षर खोटे नव्हते. उरलेले सारे भास्कररावांनी स्वतःच मनात भरून घेतले.

झांज खाली ठेवल्यावर दुसरी कुणी अंथरूण धरून पडली असती. सरलाबाईंनी चपला घातल्या आणि गल्लीच्या टोकाशी राहणाऱ्या ऋजुता वकीलबाईंचे दार वाजवले.

"ऋजुता, रस्त्यात पाकीट मारले तर पुलिसांत रपट देतात. फोनमधून मारले तर कुठे द्यायची?"

ऋजुताने फोनमधले सगळे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "सरलाकाकू, हे पाहिलंत? पाचही दिवस जिंकणारा एकच! एका भियाला, एकट्या माणसाला, पाच स्कूटरी कशाला हव्यात? मला तर वाटतं हा माणूसच नाही, त्यांचंच काही यंत्र बटन दाबत असणार. ग्राहक आयोगात जाऊ या. नाव तुमचंच लागेल, खातं तुमचं आहे म्हणून. पण गावभर होईल हं!"

"होऊ दे! मी कुणाचे चोरले आहे?"

गावभर झालेच. भाजीवाल्यापासून भजनी मंडळापर्यंत 'बोलीवाली काकू' हे नाव फिरले. मंदिरात त्यांच्या जागी दुसरेच कुणी झांज धरू लागले, तर सरलाबाई श्रोत्यांत पहिल्या ओळीत जाऊन बसत आणि तिथून टाळी वाजवून धृपद धरीत, इतके मोठ्याने की भास्कररावांना ऐकू जावे! मेधा रोज रात्री पाय दाबता दाबता म्हणे, "आई, मी बाबांना सांगून टाकते," आणि सरलाबाई रोज म्हणत, "गप बस. आधी निकाल, मग कबुली."

फाल्गुनात तारीख लागली. आदल्या दिवशी कंपनीचा कागद घरी आला. अर्धी रक्कम परत देतो, तक्रार मागे घ्या आणि 'मी स्वखुशीने खेळले, कंपनीची काही चूक नाही' असे लिहून सही करा. भास्कररावांनी पेन पुढे केले.

"कर सही. देवाचे अर्धे तरी परत येईल आणि घराण्याची शोभा थांबेल."

"देवाला अर्धे खोटे चालत असेल तर तुम्ही करा सही!" सरलाबाई कडाडल्या. "सत्तावीस वर्षे तुमच्या तोंडून ऐकले की सत्याला कैवारी लागत नाही. ते काय नुसते पेटीच्या सुरावर म्हणायचे होते?"

भास्कररावांनी कागदाची घडी करून खिशात घातली... दुसऱ्या दिवशी मात्र तेही आयोगात आले. खिशात तो कागद तसाच होता. शेवटच्या बाकावर ते बसले. पुढे सरलाबाई आणि त्यांना चिकटून मेधा.

कंपनीचे वकील इंदूरचे होते, सुटाबुटातले. हातातला कागद फडकवीत म्हणाले, "मैडम, ये कोई भोली माताजी नहीं हैं। सप्तमी, अष्टमी, नवमी, रोज चार से छह, लगातार बटन दबाया है। इसे लत कहते हैं। जुए की लत!"

ऋजुता ताडकन उठली. "म्हणजे तुमची साइट जुगार आहे हे मान्य करता आहात? लिलाव असेल तर हरलेल्यांचे पैसे ठेवलेत कशाबद्दल? आणि जुगार असेल तर उघडलात कुणाच्या परवानगीने? दोन्हींतलं एक सांगा!"

वकील टायची गाठ चाचपू लागले. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सरलाबाईंकडे पाहिले. "माताजी, आप शपथ पर हैं। बटन आपने दबाया था?"

सरलाबाई उभ्या राहिल्या. हो म्हणावे तर शपथेवर खोटे... नाही म्हणावे तर शेजारचे लेकरू उघडे पडणार! देवा, जिभेवर तूच बैस रे...

आणि मागून आवाज आला. कीर्तनाच्या मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा तो आवाज आज कापत होता.

"अष्टमीला... चार ते सहा?"

भास्करराव उठून उभे होते.

"बाईसाहेब, अष्टमीला उत्तररंगात माझा आवाज बसला. शब्द आठवेना, सूर लागेना. तेव्हा मागून हिने धृपद उचलून धरले, मला दम येईपर्यंत धरून ठेवले! चारशे माणसांनी ऐकले आहे. चार ते सहा ही माझ्या पाठीशी उभी होती... आणि हिचा फोन, माझ्याच दंडकाने, घरी कोनाड्यात होता! सरला... अगं, मग तू..."

त्याच क्षणी मेधाने पदर सावरला आणि ती उठली. सरलाबाईंनी तिचा हात ओढला, "बैस! बैस म्हणते ना!" पण ती बसली नाही.

"मैंने दबाया था, मैडम. मी दाबलं! आईंनी तर त्या फोनवर लाइटचं बिलसुद्धा कधी भरलं नाही, मीच भरते. घरासाठी स्कूटर पाहिजे होती. ह्यांनी लिहिलं होतं लिलाव. आमच्या गावात लिलावात हरलेल्याकडून कुणी पैसे घेत नाही! इथे घेतात, हे मोठ्या अक्षरांत का नाही लिहिलं?"

अध्यक्षबाईंनी लिहायला घेतले. पाचही दिवसांच्या विजेत्याचे नाव, पत्ता आणि त्याला स्कूटर दिल्याची पावती कंपनीने पुढल्या तारखेला हजर करावी.

बाहेर जिन्यात वकील धावत आले. "माताजी, पूरा पैसा ले लीजिए, बात खतम करिए।"

"पैसे तर घेईनच!" सरलाबाई म्हणाल्या. "पण आधी त्या पाच स्कूटरवाल्याला घेऊन या. मला त्याचे दर्शन घ्यायचे आहे!"

घरी आल्यावर भास्कररावांनी कंपनीचा तो कागद फाडला, देवापुढची झांज उचलली आणि दोन्ही हातांवर धरून पत्नीपुढे आणली. त्यांचे डोळे वाहत होते. "सरला, मी देवाच्या दारात तुझा अपमान केला... मी चुकलो गं!"

तीस वर्षांपूर्वी ज्या शब्दासाठी एक नवी नवरी पिठाच्या डब्याशी उभी राहिली होती, तो शब्द आज ह्या घरात उच्चारला गेला... सरलाबाईंचा बांध फुटला. पण झांज त्यांनी घेतली नाही.

"आधी हिला विचारा. चार महिने हे पोर भीतीने अर्धे झाले आहे."

भास्कररावांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळ, मी इतका भयंकर आहे का गं, की मला सांगता येऊ नये?"

"थोडेसे आहात, बाबा," मेधा रडता रडता म्हणाली आणि तिघेही हसली.

"आणखी एक," सरलाबाई म्हणाल्या. "चैत्रात धारला ही पुढे बसून कीर्तन ऐकेल. दिव्यापाशी मनन बसेल. रजा काढ म्हणावे!"

चैत्री नवरात्रात सप्ताह झाला नाही, पैसे अजून खटल्यात होते. एकाच दिवसाचे कीर्तन झाले. त्याआधी देवीच्या साडीचा लिलाव होता. बायकांत कुजबुज चालली, हीच ती, बोलीवाली... सरलाबाईंनी ऐकले आणि भर सभामंडपात हात वर केला.

"पाचशे एक!"

सारे वळून पाहू लागले. मागून एक व्यापारी ओरडला, "सात सौ!" सरलाबाई म्हणाल्या, "आठशे!" तो म्हणाला, "हजार, काकीजी!" बोली त्याच्यावर सुटली.

सरलाबाईंनी दोन्ही हात उंच करून रिकामे तळवे साऱ्या मंडपाला दाखवले. "हरले! पण पदराची गाठ जागच्या जागी आहे, पाहून घ्या. माझ्या सुनेला हाच लिलाव ठाऊक होता, आणि तो काही पाप नव्हे!"

मंडपात टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीत मेधा मान वर करून बसली होती. भास्करराव चिपळ्या घेऊन उभे राहिले, पण आरंभ करीनात. वळून मागे पाहत राहिले, आपल्या पाठीशी झांज वाजेपर्यंत.