काकासाहेबांच्या ताटातले तूप

घोडेगावच्या बैलबाजारात पाय ठेवताच विजयमालेने ओळखले, की आपल्याला उशीर झाला. लिंबाच्या सावलीत तिचे वडील काकासाहेब मांडी घालून बसले होते. समोर वर्तमानपत्राच्या कागदावर कांद्याची गरम भजी, आणि तो कागद त्यांच्यापुढे सरकवणारा एक उंच, सावळा तरुण मोठ्या आदराने म्हणत होता, "घ्या ना... अजून घ्या."

तिने पुढे होऊन कागद उचलला.

"ती माझी भजी आहेत," तरुण म्हणाला.

"होती." कागद तिने शेजारच्या बैलापुढे धरला.

"बैलाला तळलेलं मानवत नाही, बाई."

"आणि माणसाला मानवतं?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी जनावरांचा डॉक्टर."

काकासाहेबांनी मिशीला लागलेले पीठ पुसले. "हे रंगनाथराव. आपल्या जनावरांच्या दवाखान्यात नवं आल्यात. अन् डॉक्टर, ही आमची लेक विजयमाला. घरात हिचंच राज्य हाय. मला भाकर बी मोजून मिळती."

रंगनाथ तिच्याकडे पाहत राहिला, जरा ओशाळून, जरा गमतीने. त्या पाहण्याचा तिला मनस्वी राग आला. आणि परतीच्या वाटेवर जीपमध्ये तेच डोळे पुन्हा पुन्हा आठवले, याचा तर त्याहून अधिक.

तिचा राग अकारण नव्हता. एकाहत्तर सालच्या त्या उन्हाळ्यात काकासाहेबांच्या छातीत कळ उठली होती. नगरच्या वृद्ध डॉक्टरांनी कार्डिओग्रामची पट्टी पाहून स्पष्ट सांगितले होते, "गोळीनं कळ थांबेल, आजार थांबणार नाही. तूप, तळण, मटणाचा रस्सा आणि तंबाखू बंद. भाजीभाकरी, डाळ, ताक एवढ्यावर राहा आणि रोज सकाळी चाला. हे नेमानं केलंत तर हृदय सावरेल. नाही केलंत, तर पुढची कळ माझ्या हातात नाही." त्या काळी हृदयाच्या रोग्याला खाटेवर निजवून ठेवीत. चालायला सांगणारा हा डॉक्टर गावाला वेडा वाटला.

आणि घरातली तऱ्हा काय वर्णावी! तिची आई कडूबाई मुलीची पाठ वळली, की भाकरीच्या पापुद्र्याखाली तूप लपवी. "पोटाला ओशट नसलं तर माणूस कोरडा पडंल गं," असे म्हणून डोळ्यांना पदर लावी. आत्या मालनबाई आजाऱ्याला भेटायला म्हणून येई, ती डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. ज्याच्या त्याच्या मायेला तुपाचा वास. या मायेशी भांडायचे तरी कसे? विजयमाला भांडत असे. एकटी, दोन्ही वेळा, ताटापाशी उभी राहून.

चालण्याची कथा तर विचारूच नये. काकासाहेब एकदाच पायी निघाले. वेशीपाशी पहिल्याच भेटलेल्या माणसाने विचारले, "काकासाहेब, जीप इकली का काय?" दुसऱ्याने काळजीने घरापर्यंत सोबत केली. बागाईतदार माणूस काम नसताना पायी हिंडतो, म्हणजे त्याचे काहीतरी बुडाले, ही गावाची समजूत. काकासाहेब घरी आले आणि खाटेवर बसले ते बसलेच; बाहेर पडलेच तर जीपने.

बाजारात घेतलेला खिलारी बैल तपासायला रंगनाथ आठवड्याने वाड्यावर आला, तेव्हा गोठ्यात विजयमाला एकटीच होती.

"त्या दिवशीच्या भज्यांची माफी मागायला आलोय. मला त्यांच्या आजाराचं ठाऊक नव्हतं."

"माफीनं काही होत नाही. माणूस चालेल असं औषध आहे का तुमच्याकडे?" आणि तिने कंटाळून, चिडून, सगळे सांगून टाकले. परक्या माणसाला आपण इतके का सांगतो आहोत, हे तिला सांगून झाल्यावर उमगले...

रंगनाथ बैलाच्या पाठीवर थाप मारीत ऐकत होता. मग तो बाहेर गेला आणि ओसरीवर काकासाहेबांना गंभीरपणे म्हणाला, "बैल देखणा आहे, पण खांदा आखडलाय. रोज सकाळी नदीपर्यंत चालवावा लागेल. गड्याच्या हाती देऊ नका, मालकाच्या हाताची सवय लागली पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून काकासाहेब कासरा धरून चालू लागले. बैल फिरवणाऱ्याला कोण काय विचारणार? उलट लोक थांबून बैलाची तारीफ करू लागले, आणि त्या तारिफेपायी काकासाहेबांची फेरी लांबत गेली. तंबाखू सुटली. तूप मात्र अधूनमधून सापडतच राही, आणि विजयमालेचा आवाज चढतच राही.

"तात्या, रंगनाथरावांनी तुम्हाला फसवलंय, हे कळतंय ना तुम्हाला?" एकदा तिला राहवले नाही. वडिलांना ती तात्या म्हणे.

"येडी का काय तू? उभा जन्म बैल पारखण्यात गेला माझा. ह्याच्या खांद्याला काय बी झालं न्हाई. पर लोकांस्नी सांगाया बरं पडतंय." ते थांबले. "अन् त्यो काय खांदा बघाया येतोय दर आठवड्याला?"

तिचे कान तापले.

येत होता खरा. कधी औषधाची बाटली घेऊन, कधी नुसताच. ती ताकाचा पेला पुढे करी, तो बोटे लागू न देता घेई — आणि कधी लागू देई.

"तुम्ही कधी हसता का?" त्याने एकदा विचारले.

"वेळ मिळाला तर."

"मग मी घरच्यांना बोलणी करायला काष्टीहून बोलावून घेऊ? आयुष्यभर वाट पाहायला माझ्याकडे वेळ आहे."

तिने पेला हिसकावून घेतला. "मी या घरातून गेले, तर त्यांचं ताट कोण पाहील? आईच्यानं होणार नाही. महिन्याभरात पुन्हा तूप, पुन्हा कळ... तात्यांचा जीव धोक्यात घालून मला संसार मांडायचा नाही, रंगनाथराव. तुम्ही मला विचारूच नका."

त्याने तिला विचारले नाही. काकासाहेबांना विचारले. काकासाहेबांनी काष्टीला निरोप धाडला आणि पाहुण्यांना बजावले, "जेवाया या. पर सुपारी लेकीच्या होकाराबिगर फुटायची न्हाई."

रंगनाथचे आईवडील आले. आई साळूबाई, भरल्या अंगाची, करड्या आवाजाची. तिने घरचे लोणकढे तूप किटलीत आणले होते. पुरणपोळीची पंगत बसली. विजयमाला स्वयंपाकघराच्या दाराआड उभी. नवरी मुलीने पंगतीत यायचे नाही, ही रीत. आणि आज नेमके ताटापाशी उभे राहायला कोणी नाही.

साळूबाई किटली घेऊन उठली. "आमच्याकडं व्याह्याच्या ताटात पैली धार वरमाई घालती. हात आडवा घातला, तर सोयरीक नगं असं समजायचं."

सगळे हसले. विजयमालेने दाराची चौकट घट्ट धरली. नाही म्हटले तर पाहुण्यांचा अपमान, हो म्हटले तर... रंगनाथ अर्धवट उठला. "आई, त्यांना—"

"बसा, डॉक्टर," काकासाहेब म्हणाले. आणि त्यांनी आपला रुंद पंजा पोळीवर पालथा ठेवला.

किटली वरच थांबली.

"आमच्या तुपाला वास येतो का, दादा?"

"तुपाला काय बी न्हाई, साळूबाई. घरचं लोणकढं हाय, हितवर वास दरवळतोय, अन् माझ्या तोंडाला पानी सुटलंय, खोटं कशाला सांगू? पर मला जगायचं हाय. ही लेक माझ्या ताटापाशी राखणीला उभी राहून दमली. तिनं आता सोताच्या घरी जावं, असं मला लई वाटतंय. माझं ताट मी बघीन." पोळीवरचा हात त्यांनी उचलला नाही. "सोयरीक मोडायची, तर मोडा."

साळूबाईने त्यांच्याकडे पाहिले. मग पदर सारखा केला. "असं हाय व्हय... मग जित्ता राहणारा व्याही बरा." आणि कलत्या किटलीला कुठेतरी रिते व्हायलाच हवे म्हणून की काय, तिने ती सगळी धार शेजारच्या ताटात, लेकाच्या पोळीवर ओतली. रंगनाथने निमूटपणे ती पोळी संपवली. मग दुसरी.

जेवणे आटोपली. परसात तो हात धुवायला आला, तेव्हा तांब्या घेऊन विजयमालाच पुढे झाली. तिचे डोळे लाल होते. तिने पाणी घातले. त्याने हात चोळले. खूप वेळ चोळले.

"आता विचारू का?"

ती आणखी पाणी घालत राहिली.

"नको असेल तर तसं सांगा. मी काष्टीच्या गाडीत बसतो आणि..."

"किती तूप खाल्लंत?" ती एकदम कडाडली. "आईनं ओतलं म्हणून ओतून घ्यायचं? तोंड नव्हतं तुम्हाला? मी दारातून पाहत होते, सगळं पाहत होते मी. लग्नानंतर हे असलं मुळीच चालायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

रंगनाथने ओले हात तसेच धरून ठेवले. ओसरीवरून काकासाहेबांचा आवाज आला, "कडूबाई, सुपारी आन गं. ऐकलं मी."