उंबऱ्यात खिळा नको

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सदुसष्ट सालचा चैत्र. कळशी घेऊन विहिरीवर निघताना घड्याळ पाहिलं, कारण लवू झोळीत रडून रडून नुकताच निपचित पडला होता आणि तो उठायच्या आत मला परतायचं होतं. दाराला बाहेरून कडी घातली.

आम्ही रत्नागिरीकडचे. मिठागराकाठच्या गोडदेव गावात राघोच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतलेली. लवू चार महिन्यांचा. हिवतापात माझं दूध आटलं. डब्याचं, शेळीचं, कुठलंच त्याच्या पोटात ठरेना. मांड्यांची कातडी सुरकुतलेली. बाई गं, पोर डोळ्यांदेखत वाळत होतं.

भिंतीपलीकडे राघोची चुलती, सुगंधाबाय, मरणाला टेकलेली. महिनाभर कूससुद्धा बदलता येत नव्हती तिला. तरुणपणी ती मिठागरात टोपल्या वाहायची, तान्ही मुलगी बांधावर झोळीत. एका दुपारी मुकादमानं पाजायला सोडलं नाही. सुटी झाल्यावर धावत गेली, तर पोर गार पडलेलं. पुढं कित्येक दिवस ती त्याच बांधावर बसून दूध मातीत पिळायची म्हणे. पुन्हा मूल झालं नाही.

आदल्या दिवशी मी लवूला घेऊन तिला बघायला गेले होते. राघोची बायको मंदा तिच्या ओठांशी तुळशीचं पाणी नेत होती. म्हातारीनं ते थुंकून टाकलं.

"घे ना गं बाय, सुटशील..."

"मना न्हाय सुटायचा. पोर उपाशी हाय."

"कुनाचं पोर? चाळीस वर्सं झाली त्याला!"

म्हातारी मंदाकडं बघतच नव्हती. माझ्या पदराकडं बघत होती. "हिकरं दे त्याला..."

मंदानं मला दाराबाहेर ढकललंच. "अक्कल हाय का? मरत्या बाईसमोर तान्हं आनतात? घेऊन जाईल सोबत!"

तर त्या दुपारी मी विहिरीवरून परतले. घरातून आवाज नाही. उपाशी पोर इतकं गप्प... मी कळशी तिथंच टाकली. कडी मात्र होती तशीच. दार उघडलं आणि वास आला. कोमट दुधाचा, आणि त्यात मिठागरातल्या चिखलाचा. लवू झोळीत गाढ झोपलेला. पोट टम्म. ओठाच्या कोपऱ्यात पांढरा थेंब. मी बोट लावलं... गरम होता.

तेवढ्यात पलीकडून मंदाचा हंबरडा. म्हातारी गेली होती.

आंघोळ घालायला आम्ही तिची चोळी सोडली. पुढून चिंब भिजलेली.

"घाम असंल," मंदा हळूच म्हणाली.

"घामाला साय धरते का गं?"



बाई इच्छा मागं ठेवून गेली की उंबऱ्यात लोखंडी खिळा ठोकतात, मोहरी टाकतात, म्हणजे ती परत आत येत नाही. चौथ्या दिवशी राघो हातोडी आणि पसाभर मोहरी घेऊन आला. त्यांच्या दारात ठोकला. माझ्या उंबऱ्यावर मी बसून राहिले.

"ऊठ गं वयनी."

"नाही उठत."

"ती न्हेल पोर तुजं."

"न्यायचं असतं तर त्याच दिवशी नेलं असतं, भावोजी. माझं पोर पोटभर झोपतंय. डॉक्टरला जमलं नाही, तुमच्या भगताला जमलं नाही. खिळा ठोकायचाय? आधी माझ्या पायात ठोका."

"येडी झालीस!" माझ्या दारात मोहरी फेकून तो गेला. ती मी लगेच झाडून काढली.

भीत नाही असं नाही. रोज दुपारी लवूला झोळीत घालते, कडी लावते आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसते. कान घराकडं लागलेले. पण उठत नाही.

आता तो नऊ महिन्यांचा आहे, गुबगुबीत. पेज भरवली तर तोंड फिरवतो. खालचे दोन दात आलेत. परवा परतले तर त्या दातांवर रक्त. बोट घालून पाहिलं. हिरड्या धड, जीभ धड. त्याचं नव्हतं ते... आणि तो माझ्याकडं बघून हसत होता. चावला तरी तिनं त्याला दूर लोटलं नाही.

कधी सोडणार ती त्याला? ते ती आणि मी बघून घेऊ. तुम्ही एवढंच करा. ओळखीत कुणा बाईचं दूध आटलं असेल, पोर वाळत असेल, तर तिला निरोप द्या. पोर घेऊन गोडदेवात ये म्हणावं, दुपारची. पण दात यायच्या आत.